भरल्या पोटी संप करावा काय?



एलुल महिना चालू आहे. या महिन्यात आपण 'की तेत्से' ही पराशा वाचतो. आपल्या हाखामांनी मोजलेल्या ६१३ आज्ञांपैकी ७४ आज्ञा या एकाच पराशात आहेत, आणि त्यांपैकी एक मजुराच्या मजुरीविषयी आहे. योगायोग असा की, साधारण याच दिवसांत अमेरिकेत लेबर डेची सुट्टी येते. १८९४ सालापासून सप्टेंबरचा पहिला सोमवार हा येथे श्रमिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. तेव्हा या अंकात श्रम, वेतन आणि संप यांविषयी चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या कानांवर वारंवार येत आहे. घरोघर पार्सले पोचविणाऱ्या ड्रायव्हरांना उत्तम पगार मिळतो, त्यांची संघटना बलाढ्य आहे, औषधपाण्याचा खर्च कंपनी करते, म्हातारपणी पेन्शन आहे. एवढे असूनही त्यांनी संपाची भाषा करावी, हे धर्माला धरून आहे काय? पोट भरलेल्या माणसाने काम थांबवून दुसऱ्याची अडवणूक करावी काय? आपल्या समाजातील काही तरुण असल्या नोकऱ्यांत आहेत, काहींची स्वतःची दुकाने आहेत, आणि आपल्यातील वृद्ध मंडळींची औषधे पार्सलानेच येतात. म्हणजे या प्रश्नाच्या तिन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी आहेत. म्हणून पवित्र शास्त्र काय सांगते ते शांतपणे पाहू.

प्रथम हकीकत ध्यानात घेऊ. युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजे यू.पी.एस., ही कंपनी १९०७ साली सिॲटल शहरात सुरू झाली. तिचे सुमारे ३ लाख ४० हजार कामगार टीमस्टर्स या संघटनेचे सभासद होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. कंपनी आणि संघटना यांच्यातील करार ३१ जुलै २०२३ रोजी संपत होता. त्या वर्षी जून महिन्यात मतदान झाले आणि ९७ टक्के मते संपाचा अधिकार देण्याच्या बाजूने पडली. ५ जुलैला बोलणी मोडली. सारा देश चिंतेत पडला, दुकानदारांनी आपला माल दुसऱ्या कंपन्यांकडे वळविण्यास सुरुवात केली. अखेर २५ जुलैला, म्हणजे तिशा बेआवच्या अगदी तोंडावर, समेट झाला आणि २२ ऑगस्टला ८६ टक्क्यांहून अधिक सभासदांनी तो मान्य केला. त्याच आठवड्याच्या शब्बाथला आपण 'की तेत्से' वाचली. संप झालाच नाही.

करारानंतर कंपनीच्या मुख्याधिकारी बाईंनी सांगितले की, पाच वर्षांच्या कराराअखेर पूर्ण वेळ ड्रायव्हरला पगार आणि इतर लाभ मिळून वर्षाला सरासरी १ लाख ७० हजार डॉलर पडतील. हा आकडा वर्तमानपत्रांत झळकला आणि लोकांचे डोळे पांढरे झाले. शाळामास्तर, नर्सबाई, हिशेबनीस, सर्वांच्या तोंडी एकच: आम्ही शिकून काय मिळविले?

आमचे सारे आयुष्य शाळेत खडू झिजविण्यात गेले. तेव्हा हा उद्गार आम्हांस अपरिचित नाही. परंतु बंधुभगिनींनो, त्या आकड्यात विमा, पेन्शन वगैरे सर्व धरलेले आहे, हातात पडणारा पगार त्याहून बराच कमी असतो, हे आधी समजून घ्यावे. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, सिनाय पर्वतावर दिलेल्या दहाव्या आज्ञेचे स्मरण ठेवावे. शेजाऱ्याच्या कोणकोणत्या वस्तूंचा लोभ धरू नये याची तेथे यादी आहे, आणि तिच्यात त्याचा बैल आणि त्याचे गाढव यांची नावे स्पष्ट आली आहेत. त्या काळी ओझे वाहणारी जनावरे तीच. आज तिथे शेजाऱ्याची तपकिरी मोटारगाडी समजावी. ड्रायव्हरला जास्त मिळते याचे दुःख वाटणे, आणि ड्रायव्हरचा संप योग्य की अयोग्य हे ठरविणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मनातून काढून टाकल्यावाचून दुसरीचा निवाडा करण्यास आपण पात्र होत नाही.

आता शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात मोशे राबेनू सांगतात की, गरीब आणि गरजू मोलकऱ्यावर जुलूम करू नये, मग तो आपला भाऊ असो वा आपल्या गावात राहणारा परका असो, आणि त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी द्यावी. यावरून कोणी म्हणेल की, ही आज्ञा केवळ गरिबासाठी आहे, सुखवस्तू कामगाराला ती लागू नाही. परंतु लेवीयाच्या १९ व्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा आली आहे आणि तेथे गरीब-श्रीमंत असा भेद नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, एवढेच तेथे म्हटले आहे. म्हणजे मजुरीचा हक्क श्रमातून उत्पन्न होतो, दारिद्र्यातून नव्हे. गरिबावर जुलूम केल्यास पातक अधिक, हे खरे. पण कामगार खाऊनपिऊन सुखी झाला म्हणून त्याचा हक्क लोपत नाही.

अनुवादातील त्याच वचनात असे आहे की, मजूर आपला जीव त्या मजुरीवर ठेवतो. तालमूदातील बाबा मेझीया या ग्रंथात आपल्या हाखामांनी याचा फार हृदयस्पर्शी अर्थ केला आहे. हा माणूस उंच चढणीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरणाच्या दाढेत का शिरला? आपल्या मजुरीसाठीच ना? कोकणात नारळाच्या झाडावर चढणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पार्सलाच्या गाडीचा ड्रायव्हरही उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडी डब्यात दिवसभर चढउतार करतो. त्या गाड्यांना थंड हवेचे यंत्र नव्हते. १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या गाड्यांत ते बसवावे, हे कलम २०२३ च्या करारात आले. ते कंपनीने आपण होऊन दिले नव्हते, मागावे लागले.

मागणे ठीक, पण काम थांबविणे? याविषयी हाखाम राव यांचा निर्णय प्रसिद्ध आहे. रोजाने लावलेला मजूर अर्ध्या दिवसातदेखील काम सोडून जाऊ शकतो, असे ते म्हणतात. कारण लेवीयाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलाला आपले दास म्हटले आहे, आणि जे परमेश्वराचे दास ते दासांचे दास होऊ शकत नाहीत. मिसर देशातून सुटका झाली ती एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी झाली नाही. ज्याला काम नाकारता येत नाही तो मजूर नव्हे, गुलाम होय. हा विचार जगातील कामगार चळवळींच्या फार पूर्वी आपल्या हाखामांनी मांडून ठेवला आहे.

आपल्या पूर्वजांनीही तो आचरणात आणला. नवगावच्या किनाऱ्यावर लागलेल्या आपल्या वाडवडिलांनी कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक दारातून परत गेले तरी चालेल, बैल त्या दिवशी जुंपला जाणार नाही. त्यावरूनच शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. काम कोठे थांबवावे हे ज्याला कळते त्याला काम कसे करावे हेही कळते.

आता संघटनेविषयी. मिश्नाच्या काळातील तोसेफ्ता या ग्रंथात बाबा मेझीयाच्या शेवटच्या अध्यायात अनेक धंद्यांच्या मंडळ्यांचा उल्लेख आहे. लोकरवाले आणि रंगारी यांनी गावात येणारे काम वाटून घ्यावे, रोटीवाल्यांनी आपसांत नियम करावे, याला तेथे मुभा आहे. आणि गाढवावरून माल वाहणाऱ्या हामारीम लोकांनी असे ठरवावे की, आपल्यापैकी ज्याचे गाढव मरेल त्याला सर्वांनी मिळून दुसरे द्यावे. हे गाढववाले म्हणजे त्या काळचे पार्सल पोचविणारेच. टीमस्टर हा शब्दही मुळात घोडे जुंपून गाडी हाकणाऱ्याचा आहे. १९०३ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या बोधचिन्हावर आजही दोन घोड्यांची तोंडे आणि एक चाक आहे. तेव्हा गाडीवानांनी एकत्र यावे, एकमेकांचा भार उचलावा, ही गोष्ट आपल्या शास्त्राला नवी नाही.

परंतु आपला प्रश्न भरल्या पोटाचा आहे. त्यावर तालमूदातील योमा या ग्रंथात एक कथा आहे, ती सर्वांनी लक्षपूर्वक वाचावी.

यरुशलेमच्या मंदिरात समक्षतेची भाकर भाजण्याचे काम गार्मू नावाच्या घराण्याकडे होते. त्यांची विद्या अशी की, भाकर भट्टीतून न मोडता निघे आणि तिला बुरशी येत नसे. ही विद्या ते कोणास शिकवीत नसत. हाखामांनी त्यांना दूर करून आलेक्सांद्रियाहून कारागीर आणविले. त्यांनी भाकर भाजली, परंतु ती नीट काढता येईना आणि तिला बुरशी येऊ लागली. तेव्हा हाखामांनी गार्मू घराण्यास परत बोलाविले. ते आले नाहीत. त्यांचे वेतन दुप्पट केले, तेव्हा ते आले. पूर्वी रोजचे १२ माने घेत, ते २४ माने घेऊ लागले. रब्बी येहुदा तर २४ चे ४८ झाले असे सांगतात. हे काही उपाशी लोक नव्हते. तेथील सर्वांत उत्तम पगारी कारागिरांत त्यांची गणना करावी लागेल.

हाखामांनी त्यांना जाब विचारला. मिश्नात त्यांचे नाव निंदेने घेतले आहे. मात्र गेमारात त्यांचे उत्तर दिले आहे. ते म्हणाले, हे मंदिर एके दिवशी पडणार हे आमच्या घराण्याला ठाऊक आहे. आमची विद्या एखाद्या नालायक माणसाने शिकून मूर्तिपूजेसाठी वापरू नये, म्हणून आम्ही ती शिकवीत नाही. आणि याच गेमारात त्यांच्या स्तुतीची एक गोष्ट आहे: त्यांच्या मुलांच्या हातात उत्तम पिठाची भाकर कधी कोणी पाहिली नाही. मंदिरातील पिठावर हे लोक पोसले जातात, असा संशयही येऊ नये म्हणून ते साधी भाकर खात.

या कथेवरून आम्हांस असे दिसते की, हाखामांनी दुप्पट वेतन दिले, ते दुष्कृत्य म्हणून नोंदविले नाही. त्यांनी जाब विचारला तो निराळा: ही विद्या तुम्ही कोणासाठी अडवून धरता? स्वतःच्या ताटासाठी, की काही उच्च हेतूसाठी? चांगले वेतन घेणाऱ्या कामगाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच. तू हे कोणासाठी करतोस?

२०२३ च्या तंट्यात हा प्रश्न विचारला तर काय उत्तर मिळते? त्या ३ लाख ४० हजारांपैकी निम्म्याहून अधिक लोक अर्धवेळ काम करणारे होते. रात्री-पहाटे गोदामात पार्सले उचलणारे, गाड्या भरणारे, ड्रायव्हरच्या पगाराच्या जवळपासही न जाणारे. शिवाय २०१८ च्या करारात दुय्यम दर्जाच्या ड्रायव्हरांचा एक वर्ग निर्माण झाला होता. काम जवळजवळ तेच, पगार कमी. मतदान करणाऱ्यांतील बहुसंख्य सभासदांनी त्या कराराविरुद्ध मते दिली असताही संघटनेच्या तेव्हाच्या नियमांवर बोट ठेवून तो लागू करण्यात आला होता. २०२३ साली हा दुय्यम वर्ग रद्द करण्याचे कबूल झाले. त्यानंतर ५ जुलैला बोलणी मोडली ती मुख्यतः अर्धवेळ कामगारांच्या वेतनावर. समेटात त्यांचे किमान वेतन तासाला २१ डॉलर ठरले. म्हणजे उत्तम पगाराचा ड्रायव्हर आपला पगार धोक्यात घालून गोदामातील भावाच्या पाठीशी उभा राहण्यास तयार झाला.

१९९७ सालीही असेच घडले होते. तेव्हा याच कंपनीत खरोखर संप झाला. ४ ऑगस्टपासून १५ दिवस १ लाख ८५ हजार कामगार बाहेर होते. संपकाळात संघटनेकडून आठवड्याला अवघे ५५ डॉलर मिळत. मागणी काय, तर अर्धवेळ नोकऱ्यांच्या जागी पूर्णवेळ नोकऱ्या द्या. तडजोडीत अशा १० हजार नोकऱ्या मान्य झाल्या.

येथे मोशे राबेनूंची आठवण होते. ते विटा थापणाऱ्यांपैकी नव्हते. फारोच्या कन्येच्या घरी वाढलेले, खाण्यापिण्याची ददात नसलेले. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात ते बाहेर पडून आपल्या भाऊबंदांचे ओझे पाहतात, आणि तेथून आपल्या मुक्तीची कथा सुरू होते. राजवाड्यातील माणसाने म्हटले असते की, माझे पोट भरले आहे, मला काय त्याचे, तर आज आपण पेसाहच्या रात्री कशाची कथा सांगितली असती? पोट भरलेले असणे हा संप न करण्याचा आधार होऊ शकत नाही. उलट, ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच काही दिवस थांबणे परवडते. उपाशी माणसाला तेही परवडत नाही.

एवढे सांगून थांबलो तर अर्धेच शास्त्र सांगितल्यासारखे होईल. हाखामांनी या हक्काला कुंपणेही घातली आहेत.

पहिले कुंपण म्हणजे लवादाचे. बाबा बाथ्रा ग्रंथात गावातील रहिवाशांना मजुरीचे व मालाचे दर ठरविण्याचा आणि ते मोडणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार दिला आहे. त्याच ठिकाणी खाटकांची गोष्ट आहे. त्यांनी आपसांत दिवस वाटून घेतले आणि दुसऱ्याच्या दिवशी जो जनावर कापील त्याचे कातडे फाडावे असे ठरविले. एकाने नियम मोडला, त्याचे कातडे फाडले गेले. प्रकरण हाखाम रावा यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी फाडणाऱ्यांना भरपाई करावयास लावली. त्यावर निष्कर्ष असा की, जेथे थोर न्यायी माणूस आहे तेथे त्याच्या संमतीवाचून असे ठराव अमलात आणू नयेत. याचा अर्थ, मध्यस्थाकडे जाण्याचा मार्ग मोकळा असता एकदम दंडेलीवर येऊ नये. गेल्या शतकातील मोठ्या रब्बींचाही कल असाच दिसतो. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनश्टाइन यांनी संघटनेच्या हक्काला आणि संपाला बाबा बाथ्रातील याच भागावरून आधार दिला. एरेत्स इस्राएलचे रब्बी उझीएल यांनी कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला, आणि मालक-मजुरांचे तंटे योग्य न्यायपीठापुढे मिटावेत असा आग्रह धरला. संप हा दरवाजा ठोठावण्यासाठी आहे. दरवाजा उघडलेला असताना तो ठोठावीत बसू नये.

दुसरे कुंपण नाशवंत कामाचे. बाबा मेझीयाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मिश्ना सांगते की, गाढववाला किंवा गाडीवान ठरविला आणि त्याने नवरीसाठी अथवा मयतासाठी वाजंत्री आणावयाची आहेत, किंवा भिजत घातलेले ताग वेळेवर बाहेर काढण्यास मजूर लावले आहेत, आणि ऐन वेळी त्यांनी माघार घेतली, तर दुसरा माणूस मिळत नसल्यास मालक जास्त मजुरी देऊन दुसरा लावील व नुकसानी त्यांच्यावर राहील. पाहा, येथे शास्त्राने गाडीवानाचेच उदाहरण घेतले आहे. अर्ध्या दिवसात काम सोडण्याचा जो हक्क हाखाम राव देतात, तो जेथे विलंबाने नाश होतो तेथे आखडला जातो. नवरी थांबू शकत नाही, मयत थांबू शकत नाही. आजच्या भाषेत, मधुमेही रुग्णाचे इन्सुलिन थांबू शकत नाही. म्हणून आमचे मत असे की, संप करणाऱ्या संघटनेने औषधे, रक्ताचे नमुने, रुग्णालयांची सामग्री यांसाठी आधीपासून व्यवस्था जाहीर करावी. एखाद्या श्रीमंताची नवी पादत्राणे आठ दिवस उशिरा आली तर धर्म बुडत नाही. आजीचे औषध चुकले तर त्या संपावर दोष येतो.

तिसरे कुंपण परिणामांचे. मराठी माणसाला हे समजण्यासाठी मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या कामगारांची गाऱ्हाणी खरी होती, आणि ते भरल्या पोटी मुळीच नव्हते. तरी तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो घरे उघड्यावर आली. लालबाग-परळची भोंग्यावर चालणारी ती वस्ती आज कोठे आहे? हक्क खरा असला तरी केव्हा थांबावे हे नेत्याला कळले पाहिजे. तुटेपर्यंत ताणू नये, असे आपले वडीलधारे उगीच म्हणत नसत.

अमेरिकेतही उदाहरण आहे, आणि तेही त्याच २०२३ सालचे. यलो नावाची मालवाहतुकीची जुनी कंपनी कर्जात बुडालेली होती. तिने कामगारांच्या विम्या-पेन्शनचे हप्ते थकविले, तेव्हा टीमस्टर्सने जुलैत संपाची नोटीस दिली. संप टळला. पण गिऱ्हाइके तोवर निघून गेली होती. जुलैअखेर कंपनीने काम बंद केले, ऑगस्टमध्ये दिवाळे जाहीर केले आणि सुमारे ३० हजार नोकऱ्या गेल्या. दोष कोणाचा यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखविले. आम्हांस तेथे निवाडा करावयाचा नाही. पण एवढे दिसते की, बळकट मालकाशी आणि मोडकळीस आलेल्या मालकाशी एकाच दोरीने ओढाताण करता येत नाही. यू.पी.एस.नेही एप्रिल २०२५ मध्ये त्या वर्षात सुमारे २० हजार नोकऱ्या कमी करण्याचे व ७३ इमारती बंद करण्याचे जाहीर केले. ॲमेझॉनचा माल निम्म्याहून अधिक घटविण्याचे ठरले होते, हे त्याचे एक मोठे कारण कंपनीने दिले. जिंकलेला करार म्हणजे कायमची हमी, असे कोणी समजू नये.

आपल्या समाजाला संपाचा अनुभव नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. इस्राएलमध्ये आपल्या लोकांच्या यहुदीपणाविषयी रब्बी मंडळाने विवाहाच्या बाबतीत शंका काढल्या, तेव्हा १९६४ साली आपल्या बंधुभगिनींनी यरुशलेममध्ये ज्यूइश एजन्सीपुढे ठिय्या दिला. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेथने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत. ती मागणी पगाराची नव्हती. ज्यांचा विवाह होऊन गेला होता, ज्यांना स्वतःला काही अडले नव्हते, असेही लोक तेथे बसले. त्यांना कोणी विचारले नाही की, तुमचे पोट भरले असता तुम्ही का बसता? विचारले असते तर ते म्हणाले असते, आमच्या नातवंडांसाठी.

तात्पर्य काय? उत्तम पगाराच्या कामगाराने संप करावा काय, याचे आमचे उत्तर होय असे आहे, परंतु चार प्रश्नांची उत्तरे देऊन. हे मी कोणासाठी करीत आहे? चालू कराराने दिलेला शब्द मी मोडीत तर नाही ना? बोलणीचा आणि मध्यस्थाचा प्रत्येक दरवाजा ठोठावून झाला आहे काय? माझ्या थांबण्याने ज्याचा काही अपराध नाही, अशा दुर्बळाचा नाश तर होत नाही ना? या चारही प्रश्नांना जो परमेश्वरासमोर उभा राहून उत्तर देऊ शकतो, त्याने निःशंक मनाने मत द्यावे. ज्याचे उत्तर पहिल्याच प्रश्नाला अडखळते, केवळ माझ्यासाठी आणि आणखी थोडे हवे म्हणून, त्याने गार्मू घराण्याची साधी भाकर आठवावी.

आपल्यात जे मालक आहेत, त्यांनीही ऐकावे. बाबा मेझीयात राबा बार बार हानान यांची गोष्ट आहे. त्यांच्या हमालांनी दारूचे पिंप फोडले, म्हणून त्यांनी त्यांची वस्त्रे काढून घेतली. हाखाम राव म्हणाले, वस्त्रे परत दे. हमाल म्हणाले, आम्ही दिवसभर राबलो, भुकेले आहोत. राव म्हणाले, त्यांची मजुरीही दे. त्यांनी विचारले, हा कायदा आहे काय? राव म्हणाले, होय. नुकसान सोसूनही मजुरी द्यावी, हे सत्पुरुषाचे वळण आहे. ज्या मालकाने हे वळण आधीच धरले त्याच्या दारात संप सहसा येत नाही.

आणि आपण जे पार्सलाची वाट पाहणारे, त्यांचेही कर्तव्य आहे. संपाची बातमी आली की औषधे थोडी आधी मागवावी, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला काही हवे काय ते विचारावे. उन्हातून आलेल्या ड्रायव्हरला पेलाभर थंड पाणी द्यावे. त्याचा पगार किती, ही चौकशी नंतर करता येईल.

यू.पी.एस. आणि टीमस्टर्स यांचा सध्याचा करार ३१ जुलै २०२८ रोजी संपतो. तेव्हा पुन्हा हाच प्रश्न उभा राहील, पुन्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे आकडे येतील. त्या वेळी आपल्या घरातील जो मुलगा किंवा मुलगी त्या गाडीवर असेल, त्याच्याशी किंवा तिच्याशी आजपासूनच या गोष्टी बोलाव्या. मतपत्रिका हातात आल्यावर विचार करण्यास वेळ राहत नाही.

नव्याचा सण जवळ आला आहे. त्या दिवशी आपण सर्व, ड्रायव्हर आणि मालक, मास्तर आणि दुकानदार, एकाच धन्यापुढे मोलकऱ्यासारखे उभे राहणार आहोत, आणि आपल्या कामाहून अधिक मजुरी मागणार आहोत. तो दयाळू परमेश्वर आपणांस ती देवो, आणि दुसऱ्याची मजुरी पाहून न जळण्याची बुद्धीही देवो. आमेन.